घेणाऱ्याची सही

अण्णा, तुमचं घर विकायला काढलं तेव्हा पहिली चूक माझ्याकडून झाली. ती ऐकून तुम्ही मिशीतल्या मिशीत हसाल, म्हणून तीच आधी सांगतो.

'घर विकणे आहे' ही पाटी मी स्वतः रंगवली. पत्र्याचा तुकडा, पांढऱ्या रंगाचा एक हात, वर निळी अक्षरं. 'विकणे'तला 'वि' जरा मोठा झाला आणि 'आहे'ला जागा कमी पडली, पण लांबून बरी दिसत होती. खाली मोबाइल नंबर टाकला, पाटी फाटकाला तारेनं बांधली, रस्त्याच्या पलीकडे जाऊन फोटो काढला आणि साताऱ्याहून सांगलीला निघून आलो. आठवडा गेला. एक फोन नाही. मी शैलाला म्हणालो, "सध्या घरांना उठाव नाही दिसत." बाजारातलं मला किती कळतं ते तुम्हाला माहीत आहे. पण ऑफिसातही मी हेच चार लोकांना सांगितलं, आणि चौघांनीही माना डोलावल्या.

शुक्रवारी शैलानं कपाटातून तुमचा फोन काढला. तुम्ही गेल्यापासून ती तो आठवड्यातून एकदा चार्ज करते. कुणी जुना माणूस फोन करेल, त्याला नीट सांगता यावं म्हणून. फोन सुरू झाला तर त्यावर अकरा जणांचे फोन येऊन गेलेले. आणि तो तिच्या हातातच वाजला.

"हॅलो, घर विकायचंय न्हवं तुमचं? गोडोलीच्या वरचं?" पलीकडून एका बाईंचा आवाज.

पंधरा वर्षांत मला स्वतःचा नंबर पाठ झालेला नाही. पाठ आहे तो तुमचा. हातानं तोच लिहिला.

शैलानं त्या बाईंना रविवारची वेळ दिली, फोन ठेवला आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "अण्णा विकतायत घर. पाटीवर तसंच आहे म्हणे."

गेल्या कित्येक दिवसांत तिनं केलेला तो पहिला विनोद होता. मला त्यावर हसायचं धाडस झालं नाही. का, ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. तिला तर सगळ्यात जास्त.

दोन वर्षांपूर्वीचा बेंदूर. तुम्ही आदल्या थंडीत मोरीत पडला होता. सकाळी दूधवाल्यानं हाक मारली आणि आतून उत्तर आलं नाही, तेव्हा कळलं. त्यानंतर सहा महिने मी मनातल्या मनात एक भाषण तयार करत होतो. अण्णा, आता एकटं राहू नका. आमच्याकडे सांगलीला या. पुढची खोली तुमची. घराचं मग बघू, विकू, भाड्यानं देऊ, तुम्ही म्हणाल तसं. असं सगळं ओळीनं ठरवलेलं. बेंदराच्या सणाला आम्ही आलो, शैलानं पोळ्या केल्या, तुम्ही दुसरी पोळी घेतली, वर दुधाची वाटी ओतली आणि मी भाषण सुरू केलं. पण सुरुवात शेवटाकडून झाली.

"अण्णा, हे घर विकून टाका आता."

तुमचा हात ताटातच थांबला. तुम्ही माझ्याकडं बघितलं नाही, शैलाकडंही नाही. "पावनं," तुम्ही म्हणालात, "ह्या घराचा चार्ज कुनाला द्यायचा, कवा द्यायचा, त्ये माझं मी बगीन." आणि उठलात. पोळी अर्धी तशीच राहिली. वाक्याचा उरलेला भाग, म्हणजे खरा भाग, माझ्या तोंडात तसाच राहिला.

परतीच्या वाटेवर कराडपर्यंत शैला काही बोलली नाही. कराड सोडल्यावर म्हणाली, "त्यांना वाटलं असेल, जावयाचा घरावर डोळा आहे." मी म्हणालो, "मी पुढचं सांगणार होतो." ती म्हणाली, "पुढचं त्यांनी ऐकलं नाही ना."

त्यावर आमचं बोलणं संपलं. तुमच्याशीही तो विषय पुन्हा निघाला नाही. तुम्ही नेहमीसारखंच वागत राहिलात. मी तासगावहून बेदाणा आणला की ताटलीत पसरून त्यातल्या काड्या निवडायचात आणि म्हणायचात, "येवढं बेदान्याच्या शेडमधलं पोरगं तुमी, आनि त्यात काडी?" मी म्हणायचो, शेड माझ्या चुलत्याची, काडीही त्याचीच. सांगलीच्या पुरावरून तुम्ही मला चिडवायचात. साताऱ्याचा माणूस डोंगराकडं बघून उठतो आणि सांगलीचा नदीकडं बघून, हे तुमचं आवडतं वाक्य. मी म्हणायचो, आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, पाणी तिथवर येत नाही. तुम्ही म्हणायचात, "न्हाई आलं अजून." सगळं बोलणं चालू होतं. फक्त घर हा शब्द आला की तुम्ही रेडिओचं बटण फिरवायचात.

तुम्ही गेलात तेव्हा मी रडलो, पण ते रडणं मला पूर्ण वापरता आलं नाही. मनात एकच होतं. हा माणूस मला लोभी समजून गेला. आणि आता घर विकायचं तर होतंच. रिकामं घर साताऱ्यात ठेवून आम्ही सांगलीत काय करणार? म्हणजे तुम्ही समजलात ते मी माझ्या हातानं खरं करून दाखवणार. शैलाला विचारलं, तर ती म्हणाली, "विका. पण मला काही विचारू नका." मालकीण तीच, सही तिचीच लागणार. पण पुढे केलं मला.

मग पाटी लावायच्या आधी, मे महिन्यात, मी रजा टाकून घर आवरायला आलो. घर विकायचं तर ते नीट दिसलं पाहिजे, एवढं मलाही कळतं. मदतीला सलीम मिस्त्री. गेल्या हिवाळ्यात तुम्ही त्याच्याकडूनच काहीबाही करून घेत होता. वही घेऊन मी प्रत्येक खोलीत फिरलो, काय काय दुरुस्त करायचं ते लिहायला. अण्णा, लिहायला काही मिळेना. नळ सगळे नवे. खिडक्यांच्या काचा धड. दाराच्या कड्या तेल घातलेल्या. स्वयंपाकघरातला कडप्पा, जो शैलाच्या लग्नापासून डगमगत होता, तो सिमेंटनं घट्ट बसवलेला. आणि प्रत्येक वस्तूवर, चौकटीवर, नळाखाली, बटणांच्या पाटीवर, कोपऱ्यात बोटभर जागेत पांढऱ्या रंगानं आकडा. सात. बारा. एकोणीस.

मला वाटलं, शेवटी शेवटी तुमचं काहीतरी बिनसलं होतं आणि आम्हाला कळलं नाही. एकटा माणूस घरातल्या वस्तूंना आकडे घालत बसतो, याचा दुसरा काय अर्थ लावायचा?

"हे कशासाठी?" मी सलीमला विचारलं.

"मला काय म्हाईत. मी इचारलं, तर सुभेदारसाहेब म्हनले, तुझ्या कामाचं न्हाई त्ये."

"पुसून टाक."

"जावईबापू, ऱ्हाऊ द्या की. साहेबांनी स्वता बसून घातलेत. चष्मा लावून."

"गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"गिऱ्हाईक काय बी म्हनंल. तुमी साहेबाला काय सांगनार?"

मी त्याला रंग लावायला लावला. चौकटींवर तपकिरी, भिंतींवर पांढरा. तो प्रत्येक आकड्यावर ब्रश फिरवायच्या आधी एकदा माझ्याकडे बघायचा, मी दुसरीकडे बघायचो. असे आम्ही दोघांनी मिळून दोन दिवसांत तुमची चाळीस-एक आकड्यांची मेहनत बुजवली. मागच्या खोलीतल्या पूर्वेच्या भिंतीवर ओलीचा मोठा डाग होता. सलीम म्हणाला, रंगानं झाकंल, पावसाळ्यात परत येईल. मी म्हणालो, पावसाळ्याच्या आत विकू. आणि डागावर एक मोठं कॅलेंडर टांगलं. त्यावर हिमालयाचं चित्र होतं. मला स्वतःच्या हुशारीचं जरा कौतुक वाटलं, हे कबूल करतो.

रविवारी त्या बाई आल्या. सुवर्णाताई. फलटणकडच्या. नवरा लष्करात हवालदार, सध्या राजस्थानात. मुलांच्या शाळेसाठी साताऱ्यात घर हवं होतं. सोबत सासूबाई. सासूबाई ओट्यावर बसल्या आणि पाणी मागितलं. सुवर्णाताई बसल्या नाहीत. आल्या आल्या त्यांनी मोरीतला नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला. प्रत्येक दिवा लावून बघितला. खिडकीची खिट्टी वर-खाली केली. मी मागं मागं फिरत हवा किती येते ते सांगत होतो. त्या ऐकत नव्हत्या.

शैला हॉलच्या दारात उभी होती, हातात तुमचा फोन तसाच धरून. तिला तिथं यायचंच नव्हतं. मीच म्हटलं होतं, मालकीण नसली तर बरं दिसत नाही.

रस्त्याकडच्या खिडकीपाशी सुवर्णाताईंनी पडदा बाजूला केला आणि थांबल्या. चौकटीच्या आतल्या अंगाला एक आकडा राहून गेला होता. एकतीस. सलीमनं मुद्दाम ठेवला की विसरला, त्यानं मला अजून सांगितलेलं नाही.

"यादी कुटंय?" त्यांनी विचारलं.

"कसली यादी?"

"आवं, आकडं घातलेत म्हंजे यादी असनारच की. कोन व्हतं फौजेत?"

"माझे वडील," शैला म्हणाली. "सुभेदार होते."

"मग त्यांनी मार्च आउट केलंय घर."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "मार्च?"

"मार्च आउट. आमी आतापतुर पाच क्वार्टरं सोडली, मला म्हाईत हाय. क्वार्टर सोडताना त्यातली एकूण एक वस्तू आकडा घालून यादीवर चढवायची. काय चालू, काय मोडलंय, काय बदललंय. घेनारा मानूस येतो, देनाऱ्यासंगं खोलीखोलीतनं फिरतो, वाचून घेतो, मग दोगांच्या सह्या. त्याबिगर बाहेर पडता येत न्हाई. देनारा आनि घेनारा, दोन मानसं लागत्यात त्याला." त्या वळून दाराकडं निघाल्या. "यादी दाराआड असती न्हाईतर मीटरच्या पेटीत."

अण्णा, मी तिथं खिडकीपाशी उभाच राहिलो. फेब्रुवारीतला तुमचा फोन मला अक्षरन् अक्षर ऐकू यायला लागला.

तो फोन ऑफिसात आला होता. पाटबंधारे खात्यात फेब्रुवारी-मार्च म्हणजे काय असतं ते मी तुम्हाला अनेकदा सांगितलं आहे. वर्षभर झोपलेल्या फायली एकदम उठून बसतात. माझ्या टेबलावर गठ्ठे, समोर दोन ठेकेदार, आणि तुम्ही म्हणालात, "पावनं, मार्च आउट करायलोय."

मी म्हणालो, "आमच्याकडं पण तेच चाललंय अण्णा. मार्चनं जीव खाल्लाय."

तुम्ही म्हणालात, "येक मानूस लागतोय. तुमी या."

मी म्हणालो, "आम्हालाच माणूस मिळेना. मार्च झाला की येतो."

"मार्च झाल्यावर?" तुम्ही जरा थांबलात. तुम्हाला ते विचित्र वाटलं असणार. "बरं. तुमच्या सवडीनं. यादी तयार हाय. शैलाला येवड्यात बोलू नगा, ती रडत बसंल."

मला वाटलं, किराणा हवाय. मी म्हणालो, "यादी पाठवून द्या, येताना सगळं घेऊन येतो."

आणि तुम्ही हसलात. खो खो हसलात, अगदी खोकला येईपर्यंत. बेंदरानंतर तुम्ही माझ्या कुठल्या बोलण्यावर असे हसला नव्हता. मी खूश झालो. समोरच्या ठेकेदाराला सांगितलं, "सासरे आहेत, फार विनोदी." विनोद काय झाला ते मला माहीत नव्हतं. चार महिने माहीत नव्हतं.

मी सरकारी नोकर, म्हणजे एवढा शब्द मला कळत असणार, असा तुमचा समज. आणि मार्चचा दुसरा काही अर्थ असतो, हे माझ्या टेबलापर्यंत कधी आलंच नव्हतं. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तुम्ही गेलात. माझं मार्च एंड तेव्हा व्हायचं होतं.

वही मीटरच्या पेटीतच होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर दोरा. ती पेटी मी बाहेरून स्वतः रंगवली होती, दोन हात. उघडून बघितली नव्हती.

सुवर्णाताईंनी वही शैलाकडं दिली. शैलानं पहिलं पान उघडलं, तुमचं अक्षर बघितलं आणि वही परत त्यांच्याच हातात ठेवली. "तुम्ही वाचा. मला चष्मा नाही," म्हणाली. चष्मा तिच्या डोक्यावर होता.

मग त्या बाईंनी तुमची यादी वाचली. चालत चालत, एकेका वस्तूपाशी थांबून. तुम्ही हजर असता तर जसं झालं असतं, अगदी तसं. फरक इतकाच, की तुमच्या आकड्यांवर मी रंग फासलेला, त्यामुळे त्या विचारायच्या, "नव्वा नंबर कुठला?" आणि मी आठवून दाखवायचो.

"एक. पुढचा दरवाजा. पावसाळ्यात फुगतो. खांद्याने ढकलणे, लाथ मारू नये. नऊ. मोरीचा नळ. वायसर नवा. डावीकडे जास्त फिरवू नये. बावीस. लिंबाचे झाड. फळ चांगले. शेजारच्यांनी मागितल्यास देणे. न मागता नेल्यास कानाडोळा करणे."

ओट्यावरनं सासूबाई म्हणाल्या, "गुणाचा मानूस व्हता."

"तीस," सुवर्णाताई म्हणाल्या. "मागची खोली. पूर्वेची भिंत. ओल येते. दोन वेळा इलाज केला, गुण नाही. येणाऱ्यास आधी सांगणे."

आम्ही सगळे मागच्या खोलीत उभे होतो, सासूबाईही उठून आल्या होत्या. पूर्वेच्या भिंतीवर माझा हिमालय. त्या पुढं झाल्या, दोन बोटांनी कॅलेंडर वर उचललं, डाग बघितला, आणि कॅलेंडर पुन्हा जसं होतं तसं सोडलं. व्यवस्थित, सरळ करून.

"दादा," त्या म्हणाल्या, "बाबांनी लिवलंय, तुमी टांगलंय."

मी म्हणालो, "कॅलेंडर घरासोबत देणार होतो."

सासूबाई हसल्या. शैलाही हसली, पण तिचं हसणं मधेच मोडलं, कारण पुढचा आकडा एकतीस होता. "रस्त्याकडची खिडकी. काच शैलाने फोडली, इयत्ता पाचवी. काच बदलली. चौकट तीच." सुवर्णाताईंनी ते वाचून वहीतून डोळे वर केले. मग पुढचं जरा घाईनं वाचलं, शैलाला सावरायला वेळ मिळावा म्हणून. बाई शहाणी आहे, अण्णा. तुमच्या घराला बरी मिळाली.

शेवटच्या पानाआधीच्या पानावर एक रेघ होती. खाली तुम्ही लिहिलं होतं: देणार. त्यापुढं तुमची सही, हुद्द्यासकट. त्याखाली: घेणार. त्यापुढं माझं नाव, प्रकाश. पुढं सहीला कोरी जागा. आणि हुद्दा या शब्दासमोर तुम्ही लिहिलं होतं, घरचा माणूस.

चोवीस वर्षं तुम्ही मला पावनं म्हणालात. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं, जावयाला तसंच म्हणतात. माझ्या खात्यानं मला इतक्या वर्षांत लिपिकाचा वरिष्ठ लिपिक केलं, तेही दोनदा अर्ज करून. तुम्ही बढती दिलीत ती मीटरच्या पेटीत ठेवून दिलीत. मी सही करायला पेन काढला, तर पेन चालेना. सुवर्णाताईंनी त्यांचा दिला. पेन परका, म्हणून की काय, सही माझ्या सहीसारखी दिसत नाही. बँकेत दाखवली तर परत पाठवतील.

मग शैलानं वही हातात घेतली आणि पान उलटलं. आता चष्मा डोळ्यांवर आला होता.

त्या पानावर फक्त इतकंच होतं. 'सांगलीस नेणे' असं वर लिहिलेलं, खाली रेघ. लोखंडी कॉट एक. रेडिओ एक. पायमोजे, लोकरी, दोन जोड. शैलाच्या आईचा फोटो. आणि शेवटी: 'घर दुसऱ्या मजल्यावर. पूर पोचत नाही असे जावयांचे म्हणणे. जाऊन खात्री करणे.'

शैला ते पान कितीतरी वेळ वाचत होती. पाचच ओळी. मग ती स्वयंपाकघरात गेली आणि सगळ्यांसाठी चहा टाकला. घरात साखर नव्हती, ती तिला मागून आणावी लागली, शेजारून. लिंबं नेणाऱ्या त्याच शेजाऱ्यांकडून.

म्हणजे तुम्ही ऐकलं होतं. बेंदराच्या दिवशी मी जे बोलू शकलो नाही, ते तुम्ही पोळी अर्धी टाकून उठतानाच ऐकलं होतं. किंवा नंतर कधीतरी, दीड वर्षानं, एखाद्या सकाळी चहा पिताना तुमच्या लक्षात आलं असेल, की ह्या माणसाला वाक्य उलट्या बाजूनं धरायची सवय आहे. ते कधी कळलं, हे मला आता विचारता येणार नाही. विचारायचं बरंच काही राहिलं आहे. तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत? एका ओळीत, साध्या मराठीत, 'मी येतोय' असं? मी मार्चची फाईल फेकून आलो असतो. असं आता वाटतं. तेव्हा आलो असतो की नाही, याबद्दल मी शपथ घेणार नाही. तुमच्यासमोर खोटं बोलायची हिंमत मला कधी झाली नाही, आता तर अजिबात नाही.

यावर तुमचं म्हणणं मला ऐकू येतं. चार्ज द्यायचा तो वस्तू जाग्यावर आणून, बोलून न्हाई. मोडकं घर टाकून लेकीच्या दारात येणं तुम्हाला जमलं नसतं. एका हिवाळ्यात कडप्पा बसवला, काचा बसवल्या, कड्यांना तेल घातलं, आणि मग सांगायला फोन केलात. माझं म्हणणं असं की माणूस आधी यावा, कडप्पा मागाहून. हा वाद आपला राहिला. मी तो सोडलेला नाही, आणि तुम्हीही सोडला नसाल.

पण अण्णा, मला किती हलकं वाटतंय म्हणून सांगू. दोन वर्षं मी तुमच्या घरात शिरताना चपला जरा जास्तच नीट लावायचो. आपण इथल्या कुठल्या वस्तूकडं फार वेळ बघत नाही ना, याकडं लक्ष ठेवायचो. परवा मी तुमच्या ओट्यावर पाय पसरून बसलो आणि भिंतीला टेकलो. भिंतीचा रंग अजून सुटत होता. शर्टाला पांढरा पट्टा लागला, तो निघत नाही. शैला म्हणते, राहू द्या.

आज रजिस्ट्रार कचेरीत सगळ्या सह्या झाल्या. शैलानं सही केली ती एका दमात, पेन न उचलता. मला तिच्याकडं बघायचीही भीती वाटत होती, पण ती सही झाल्यावर तिथल्या साहेबांना म्हणाली, "अजून कुठं करायची आहे?" सुवर्णाताईंनी वही मागून घेतली. म्हणाल्या, वही घराबरोबर पायजे, न्हाईतर दरवाजा कसा ढकलायचा ते कसं कळनार. आम्ही दिली. शेवटचं पान तेवढं शैलानं शिवणीपासून अलगद सोडवून घेतलं. सुवर्णाताई म्हणाल्या, पावसाळा संपला की त्या सलीमकडून आकडे पुन्हा घालून घेणार आहेत. साक्षीला आलेला सलीम म्हणाला, एकतीसपासनं सुरू करतो, त्यो एक तयार हाय. आणि त्यानं माझ्याकडं बघितलं.

कॉट, रेडिओ आणि आईंचा फोटो टेम्पोतून पुढं गेलाय. पायमोजे शैलाच्या पिशवीत आहेत. खात्री करायची राहिली, ती मी दर पावसाळ्यात गॅलरीत उभा राहून करत जाईन.

कराड येईपर्यंत शैला गप्प होती. मला ती शांतता ओळखीची वाटली आणि मी जरा सावध झालो. कराड गेलं. मग ती म्हणाली, "तुम्ही तेव्हा बोललात ते बरं केलंत. मी कधीच बोलले नसते, आणि मग अण्णांनी वही काढली नसती."

मी गाडी चालवत राहिलो.

"पण एक सांगते," ती म्हणाली, "पुन्हा कुणाला घर विकायला सांगाल, तर आधी त्याची पोळी संपू द्या."